एक पॅटिस

वयाच्या 51व्या वर्षी, भर संध्याकाळी, बेकरीच्या काउंटरसमोर कोणी आपले एकवचन-अनेकवचन तपासेल, अशी माझी तयारी नव्हती. मी फक्त "एक व्हेज पॅटिस द्या" असे म्हटले होते. ट्रेमध्ये चार उरलेली होती, मला भूक लागली होती आणि प्रकरण तिथेच संपायला हरकत नव्हती.

"एक पॅटिस नाही. एक पॅटी," मागून आवाज आला. "दोन घेतलीत तर पॅटीज."

मागे सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात स्टीलचा चपटा डबा होता आणि डब्याच्या तळाला बरोबर मापाने कापलेला वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता. अशा मापाने कागद कापणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

"अहो काका, पण मला एकच हवे आहे."

"म्हणूनच सांगतोय. पॅटी."

काउंटरवरच्या मुलाने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि मोठ्या सद्भावनेने तो म्हणाला, "पॅटी पाहिजे का? मग आधी सांगायचं ना." असे म्हणून तो फ्रीजकडे गेला आणि बर्गरमध्ये घालायच्या गोठवलेल्या टिक्क्यांचे पाकीट त्याने माझ्यासमोर आपटले. आवाज फरशीवर फरशी ठेवल्यासारखा झाला.

"ही पॅटी नव्हे!" गृहस्थ कळवळून म्हणाले.

"पाकिटावर लिहिलंय, काका."

पाकिटावर खरोखरच तसे लिहिले होते. गृहस्थांनी चष्मा वर सरकवून ते वाचले आणि आता अमेरिकनांनी भाषेची कशी वाट लावली यावर बोलायला सुरुवात केली. मूळ शब्द फ्रेंच 'पाते', तो सतराव्या शतकात इंग्रजीत येऊन 'पॅटी' झाला, त्याचा अर्थ पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला छोटा पदार्थ, आणि चपटी टिक्की हा नंतरचा भ्रष्टाचार, असे त्यांनी सांगितले. दुर्दैवाने हे सगळे बरोबर होते. तेवढ्यात दोन मुलांनी बाजूने हात घालून दोन पॅटिस नेली.

"काका, जरा सरका, मागे एक लेडीज कधीच्या उभ्या आहेत," मुलगा म्हणाला.

"एक लेडी," गृहस्थ म्हणाले.

"लेडी कोणाला म्हणता हो?" मागच्या बाईंनी विचारले. त्यांचा स्वर असा होता की व्याकरणाचा प्रश्न क्षणभर गौण ठरला. गृहस्थ त्यांना समजावू लागले आणि बाईंनी समजून न घेता उरलेली दोन्ही पॅटिस बांधून घेतली.

ट्रे रिकामा झाला. मी गृहस्थांकडे पाहिले. निदान त्यांचेही नुकसान झाले, एवढे तरी समाधान मला हवे होते. त्यांनी शांतपणे डबा पुढे केला आणि म्हणाले, "पाव किलो खारी." त्यांना पॅटिस नकोच होते! ज्या पदार्थाशी आपला काडीचा संबंध नाही, त्याच्या वचनासाठी या माणसाने माझी संध्याकाळ घालवली होती. खारी म्हणजे सारणाविना पॅटिस, पदर सुटलेले तेच पीठ, ही त्यातली आणखी एक जखम.

खरी उत्तरे नेहमीप्रमाणे रात्री अंथरुणावर सुचली. इंग्रजांनी स्वतः काय केले? 'पीज' हे वाटाण्याचे एकवचनच होते. शेवटचा 'ज' ऐकून त्यांना ते अनेकवचन वाटले आणि त्यांनी तो छाटून 'पी' तयार केला. नॉर्मन फ्रेंचांच्या 'शरीझ'ची 'चेरी' अशाच छाटणीतून झाली. त्यांनी शेपूट कापले ते शब्दशास्त्र आणि आम्ही शेपूट ठेवून घेतले ते अज्ञान, हा कुठला न्याय? केरळात माणूस एकच खातो आणि 'एग पफ्स' मागतो. तिथे त्याला कोणी अडवत नाही. आमच्याकडे तर एकाच शब्दावर बेकरीतला चौकोन, रगड्याखालची बटाट्याची टिक्की आणि उपवासाचे खोबरे भरलेले गोळे, असे तीन संसार चालतात आणि कोणाची फसगत होत नाही. 1985 साली कॅनडाच्या सरकारी अधिकाऱ्यांनी टोरांटोतल्या जमैकन विक्रेत्यांना हटकले होते, कारण नियमानुसार पॅटी म्हणजे निव्वळ मांसाची चकती आणि यांची तर पिठाच्या पारीत भरलेली. शेवटी 'जमैकन पॅटी' या नावावर तडजोड झाली. पण तो निदान सरकारशी वाद होता. माझा खारीवाल्याशी होता.

आणि वचनाचाच हिशेब मांडायचा तर पॅटिसातल्या सारणाचा का मांडू नये? हल्ली तीस रुपये देऊन जो चौकोन हाती येतो, त्याच्या एका कोपऱ्यात सारण दबा धरून बसलेले असते आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांत हवा. ते पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये घालून आणतात, म्हणजे पदर सुटण्याऐवजी चामड्यासारखे ताणले जातात. यावर कोणताही निवृत्त गृहस्थ रांगेतून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. डबा कुठे दिसत नव्हता, तरीही ऐन वेळी जीभ अडखळली आणि मी घाईघाईने म्हणालो, "दोन द्या." पदार्थाचे नावच घेतले नाही. मुलाने विचारले, "दोन काय?" मी ट्रेकडे बोट दाखवले. एक तिथेच उभ्याने खाल्ले; दुसरे घरी फडताळात आहे, आता नरम पडले आहे.