बटाट्यासारखी पृथ्वी: चित्र खरे, मजकूर खोटा

लाल-पिवळे उंचवटे आणि निळे खळगे असलेली ओबडधोबड, बटाट्यासारखी पृथ्वी दाखवणारे एक फिरते चित्र अधूनमधून पुन्हा सगळीकडे पसरते. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: समुद्राचे पाणी काढून टाकले तर पृथ्वी अशी दिसेल, हे उपग्रहाने टिपलेले छायाचित्र आहे, आणि भारताच्या दक्षिणेला समुद्रात प्रचंड खड्डा आहे.

पहिले विधान साध्या हिशेबातच कोसळते. एव्हरेस्टच्या माथ्यापासून मारियाना गर्तेच्या तळापर्यंतचे उभे अंतर सुमारे 20 किलोमीटर आहे आणि पृथ्वीचा सरासरी व्यास 12,742 किलोमीटर. पृथ्वीचा एक मीटर व्यासाचा चेंडू केला, तर हा फरक जेमतेम दीड मिलिमीटर भरेल. मुळात चित्रात पाणी काढलेलेच नाही. भरती-ओहोटी, वारे आणि प्रवाह नसताना, केवळ गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे परिवलन यांच्यामुळे समुद्र ज्या पातळीवर स्थिरावेल, ती पातळी खंडांखालूनही कल्पनेने वाढवली की जे पृष्ठ मिळते, त्याला जीऑइड म्हणतात, आणि चित्र त्याचे आहे. ध्रुवांकडे किंचित चपट्या अशा गुळगुळीत आदर्श गोलाच्या तुलनेत जीऑइड कुठे सुमारे 85 मीटर वर, तर कुठे 106 मीटर खाली असतो. आपल्या चेंडूवर हा सगळा चढउतार केसाच्या जाडीइतकाही नाही. तो डोळ्यांना दिसावा म्हणून चित्रात हजारो पटींनी फुगवलेला आहे, आणि नेमकी हीच गोष्ट मजकुरातून गळते.

छायाचित्राचा दावा तर अगदीच निराधार आहे. युरोपीय अवकाश संस्थेने मार्च 2009 मध्ये सोडलेल्या ‘गोचे’ उपग्रहाने हे मोजमाप केले ते त्वरणमापकांच्या तीन जोड्यांनी. प्रत्येक जोडीतील दोन त्वरणमापकांमध्ये अर्धा मीटर अंतर होते आणि तेवढ्या अंतरात गुरुत्वाकर्षण किती बदलते, ते नोंदवले जाई. हा सूक्ष्म फरक हाती लागावा म्हणून उपग्रह अवघ्या 255 किलोमीटरच्या आसपास उंचीवर फिरत असे आणि तेथील विरळ हवेचा अडथळा झेनॉन वायूवर चालणारे आयन इंजिन सतत भरून काढत असे.

तिसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेकडील हिंदी महासागरात जीऑइड खरोखरच सर्वांत खोल आहे, कारण तेथे भूगर्भातील वस्तुमान तुलनेने कमी आहे. परंतु तो खड्डा नव्हे: जीऑइडवर पाणी कोणत्याही दिशेला वाहत नाही, त्यामुळे तेथे जाणारे जहाज उतारावरून घसरतही नाही. या सखल भागाची कड आपल्यापर्यंत पोहोचते. मुंबईच्या किनाऱ्यावर जीपीएसची मूळ, म्हणजे त्या गुळगुळीत आदर्श गोलापासून मोजलेली, दुरुस्ती न केलेली उंची पाहिली, तर ती उणे साठहून अधिक मीटर येते आणि पाय मात्र कोरडे असतात.