रिफ्रेश मारा

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस छापायला काल झेरॉक्सवाल्याकडे गेले, आणि डोकं अजून ठणकतंय. पेन ड्राइव्ह दिला, फाइल उघडली, तर 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. दुकानातला पोरगा म्हणाला, "काकू, व्हायरस आहे."

काकू म्हणाला त्याचंही मला वाईट वाटलं, पण ते असो.

रांगेत मागे एक गृहस्थ वीजबिलाची झेरॉक्स काढायला उभे होते. ते सरसावले. "अरे, रिफ्रेश मार."

पोराने मारलं. काही झालं नाही.

"असं नाही. डेस्कटॉपवर जा. आता मार. अजून एकदा."

रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा मांडली जातात, बस्स. पण आपल्याकडे कॉम्प्युटर सुरू केला की देवाला उदबत्ती ओवाळावी तसं आधी रिफ्रेश मारतात.

"मॅडम, सी ड्राइव्हला सी का म्हणतात, ठाऊक आहे?"

"नाही. माझी नोटीस..."

"ए आणि बी फ्लॉपीचे, त्या जुन्या घालायच्या-काढायच्या डिस्कचे! 1981 साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. 1983 च्या त्यांच्या पुढच्या मॉडेलात, एक्सटीत आली. दहा एमबी! दहा! तिच्या वाट्याला सी."

"पण याचा माझ्या नोटिशीशी काय संबंध?"

"संबंध आहे. तुमचा पाया कच्चा आहे."

संताप याचा की घरी येऊन शोधलं तर माणूस बरोबर निघाला. पायाबद्दल नव्हे, सी ड्राइव्हबद्दल.

आणि पाया पक्का व्हायचा कसा? विंडोज 95 पासून मशीन बंद करायला स्टार्टवर जायचं. सेव्हच्या बटणावर अजून फ्लॉपीचं चित्र, तिच्यात 1.44 एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाइलचा एक फोटोही बहुतेक मावणार नाही. त्या पोराने फ्लॉपी उभ्या जन्मात पाहिली नसेल. घरातली अडगळ कुणी काढायची नाही आणि नव्या सुनेला मात्र विचारायचं, तुला साधं हे माहीत नाही?

व्हायरस-बियरस काही नव्हता. आधीच्या सेक्रेटरींनी नोटीस जुन्या फॉन्टात टाइप केली होती. त्यात फाइलीत साठतात रोमन अक्षरांचेच कोड, फॉन्ट फक्त वरून देवनागरी रंगवतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की रंग उतरतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे. इतकी वर्षं झाली, आणि अजूनही मराठी मजकूर एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना देव पाण्यात ठेवायचे! इंग्रजी नोटीस असती तर हे झालं असतं का?

हे मी पोराला तावातावाने समजावत होते, तोवर मागे प्रिंटर घरघरायला लागला. चाळीस प्रती.

"अरे, हे कोण वाचणार?"

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, चाळीस काढ."

पानाला पाच रुपये. मी भांडले. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'काढलेल्या प्रिंटचे पैसे द्यावे लागतील.' ती पाटी स्वच्छ मराठीत होती. हाताने रंगवलेली.

दोनशे रुपये मोजत होते, तर गृहस्थांनी गठ्ठ्यातलं एक पान उचलून उलटंसुलटं पाहिलं.

"मॅडम, मागची बाजू कोरी आहे. पाच-दहा देता का? नातवाला गणितं करायला होतील."