वाळुंज परका नाही, पुराचा धनीही नाही

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो: नदीकाठचे वाळुंज हे परदेशी विलो असून ते नदीचे पाणी आटवते, पूर वस्तीत घुसवते, तेव्हा ते तोडावे आणि बदल्यात टेकडीवर दुप्पट झाडे लावावीत.

परदेशीपणाचा मुद्दा मुळातच टिकत नाही. बॅटसाठी लागणारे पांढरे विलो युरोपातले आहे आणि बागेत लावतात ते लोंबत्या फांद्यांचे चीनमधले. वाळुंज, म्हणजे सॅलिक्स टेट्रास्पर्मा, ही मात्र भारतात आणि आग्नेय आशियात मुळापासून असलेली जात आहे. काठावर परकेच शोधायचे तर सुबाभूळ आहे, पात्रात जलपर्णी आहे. त्यांच्याबद्दल संदेशात अवाक्षर नसते.

हे झाड पाणी भरपूर घेते, हे खरे. पण ते सदा ओल्या गाळातच वाढते, म्हणजे पाणी आहे म्हणून ते तिथे आहे; उपसा, बंधारे आणि वाळूउपशाने खालावलेल्या नदीचा दोष त्याच्या माथी मारणे हा शुद्ध कांगावा आहे.

पुराच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. ऐन प्रवाहात आडवे पडलेले झाड किंवा पुलाच्या खांबांत अडकलेल्या फांद्या काढायलाच हव्यात. काठावरची झाडे मात्र पाण्याचा वेग काठापाशी कमी करतात आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यामुळे दरड ढासळत नाही. पात्र आक्रसते ते भरावामुळे, राडारोड्यामुळे आणि निळ्या पूररेषेच्या आत चढवलेल्या भिंतींमुळे. ही रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नसावे.

सर्वांत फसवा आहे तो भरपाईचा हिशेब. वाळुंजाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाचे फळ उकलले की कापसासारख्या तंतूंना चिकटलेले बारीक बी वाऱ्यावर उडते. त्याची उगवणक्षमता फार थोडे दिवस टिकते आणि तेवढ्यात त्याला उघडा, ओला गाळ मिळावा लागतो. टेकडीच्या मुरमात तो कुठून मिळणार? काँक्रीटच्या काठावरही नाही. ओल्या चिखलात रोवलेली फांदी सहज मूळ धरते, त्यामुळे लागवड अवघड नाही. परंतु एकाच झाडाच्या फांद्या लावल्या तर सगळी झाडे एकाच लिंगाची होतात आणि पुढे बी धरत नाही. म्हणून फांद्या दोन्ही प्रकारच्या, अनेक झाडांवरून घ्याव्यात, त्या त्याच नदीच्या काठी लावाव्यात, आणि आधीची झाडे न तोडता.