‘काटा हलत नाही, मग व्यायामाचा उपयोग काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, दर रविवारी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर दोन तास चालता, तीन महिने झाले आणि वजन 92 चं 92, म्हणून माझ्या लेखातलं ‘व्यायामानं इन्सुलिन सुधारतं’ हे म्हणणं थाप आहे, असं तुम्ही लिहिलंय.

वजनाचं तुमचं म्हणणं खरंच आहे. 92 किलोच्या माणसाचे दोन तासांच्या चालण्यात जास्तीचे 500-550 कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत साधारण 7700 असतात. म्हणजे तेरा रविवारांत किलोभरही नाही, आणि परतताना जादा कट घेऊन मिसळ झाली की तेवढंही राहत नाही.

इन्सुलिनचं गणित मात्र वेगळं आहे. स्नायू आवळला की ग्लुट-4 नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढतात. त्यासाठी इन्सुलिन लागत नाही. पुढचा एक-दोन दिवस तोच स्नायू इन्सुलिनलाही जास्त दाद देतो, मग असर ओसरतो. तुमचा रविवार बुधवारपर्यंत संपलेला असतो! म्हणून आठवड्याची 150 मिनिटं वाटून घ्या, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. दुकानामुळे सकाळ जमत नसेल तर रात्री जेवल्यावर 15 मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर तिथंच अडते.

जोडीला एक दिवसाआड बैठका. तालमींच्या या गावात बैठक कुणाला शिकवायला नको, पण या वजनावर पहिल्याच दिवशी पन्नास मारल्या की गुडघा धरतो आणि आठवडा वाया जातो. खुर्ची घ्या. तीन आकडे मोजत खाली या, बूड टेकलं की उठा. धप्पकन बसू नका, टाचा उचलू नका. दहाचे तीन फेर, मध्ये मिनिटभर दम.

लेप्टिन, म्हणजे पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक, याबद्दल मात्र चूक माझी. ‘व्यायामानं लेप्टिन उतरतं’ असं सरसकट लिहायला नको होतं. ते चरबीच्या पेशींतून येतं, त्यामुळे मुख्यतः चरबी घटली तरच उतरतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पोटातली, यकृताभोवतीची चरबी काटा न हलताही कमी होऊ शकते, म्हणून टेप हातात घ्या. पँटचा नंबर धरू नका, पट्टा पोटाखाली बसतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मापा. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. चालताना घाम फुटून हात थरथरले तर थांबा, 15 ग्रॅम साखर खा, 15 मिनिटांनी रक्तातली साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर पुन्हा घ्या.

आजची कंबर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) लिहून ठेवा. तीन महिन्यांनी हेच तीन आकडे पुन्हा काढा आणि इथंच टाका, वाढले असले तरी.