माझी चूकसुद्धा चोरली

एकाने माझ्या लेखातला मजकूर इंग्रजीत नेऊन स्वतःच्या नावावर छापला, म्हणून मी त्या जर्नलकडे तक्रार केली होती. सात महिने वाट पाहिली. आज दुपारी कॉलेजातून निघताना संपादकांचा मेल आला, जेमतेम चार ओळींचा. सिमिलॅरिटी, म्हणजे सॉफ्टवेअरने मोजलेलं मजकुरातलं साम्य, ९ टक्के आहे, मर्यादेत बसते, संबंधित लेखकाशी आपसात मिटवून घ्यावे.

आपसात? बांधाचं भांडण आहे का हे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोड करणाऱ्या बायकांवर माझा एक मराठी लेख आहे. त्यासाठी दोन हंगाम मी कारखान्याच्या तळावर जात होते. बायका दिवसभर फडात, त्यामुळे बोलणं व्हायचं ते रात्री, कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर, भाकरी थापताना. एक बाई म्हणाली, "भोंगा झाला की उठायचं. आमचं घड्याळ कारखान्यापाशी." वहीच्या त्या पानाला तिच्या हातचं पीठ लागलंय, ते अजून आहे.

तेच वाक्य इंग्रजी होऊन त्या जर्नलमध्ये छापून आलंय. 'प्रस्तुत संशोधकाने घेतलेल्या मुलाखतीत' म्हणे! आणि बाईचं वय दिलंय ३४. अहो, ती ४३ वर्षांची आहे! माझ्या लेखात आकडे उलटे पडले आणि प्रुफं वाचताना माझ्या नजरेतून सुटले. मुलाखत खरंच घेतली असती, तर तिच्या मांडीवर झोपलेली नात दिसली असती की नाही? माझी चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली. मी संपादकांना दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाठवली होती. त्यांनी ती वाचलीच नाहीत, टक्के तेवढे पाहिले.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा सांगत नाहीत, एवढंच. तेवढं चोरायची मुभा आहे, हा अर्थ कुणी काढला? त्याच नियमांत व्याख्या आहे: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून खपवणं. कल्पनासुद्धा! सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवतं. मराठीतलं इंग्रजीत नेल्यावर शब्द जुळणार कसे? ६० टक्क्यांच्या वर सापडला तर दोन वेतनवाढी जातात, तीन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. हा ९ वर आहे, म्हणून साव. झेरॉक्सच्या दुकानात 'प्लॅग (म्हणजे प्लॅजरिझम, साम्याचे टक्के) कमी करून मिळेल' अशी पाटी लागते ती याच जोरावर.

संपादक बहुतेक ठिकाणी फुकट राबतात, मान्य. कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी, पेपर लागतात, तेही मला ठाऊक आहे, मीही त्यातूनच गेलेय. पण म्हणून दुसऱ्याची वही आपली होत नाही.

आता लिहिताना राग थोडा उतरलाय, आणि तीच बाई डोळ्यांसमोर येतेय. बोलायच्या आधी तिने दोनदा विचारलं होतं, "माझं नाव येणार न्हाई ना, ताई? मुकादमाला कळलं तर पुढच्या साली उचल द्यायचा न्हाई." मी तिला शब्द दिला. त्या शब्दावर ती बोलली. या गृहस्थाने कुणाला शब्द दिला होता?

मला पैसे नकोत, माफीही नको. त्या लेखावर मागे घेतल्याचा शिक्का मारा आणि कारण तिथेच लिहा. उद्या गाजावाजा नको म्हणून गुपचूप वेबसाइटवरून काढूही नका. ज्यांनी तो संदर्भ म्हणून वापरला, त्यांना कळायला नको?

हे सगळं त्यांना परत लिहून पाठवलंय. आणि माझा लेख ज्यात आला होता, त्या मराठी नियतकालिकाला आजच शुद्धिपत्र पाठवलंय: 'वय ३४ ऐवजी ४३ असे वाचावे.' हे मी तेव्हाच करायला हवं होतं.