'नुसती पडून असलेली' जागा

आज सकाळी बागेत गेलो तर बाबांच्या बाकामागच्या झाडावर लाल रंगात आकडा, ४१. रंग ओलाच होता, मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून वर चाललेली. बाक उचलून फाटकापाशी उलटा टाकलाय. विचारलं तर म्हणे इथे पार्किंग होणार, 'जागा नुसती पडून आहे ना'.

पडून आहे?? बायपासनंतर डॉक्टरांनी बाबांना चालायला सांगितलं तेव्हा घरापासून त्या बाकापर्यंतच त्यांची मजल जायची. सावलीत १० मिनिटं टेकायचं आणि परत फिरायचं. चार महिन्यांनी बागेच्या अख्ख्या ३ फेऱ्या मारायला लागले. पार्किंगच्या पावत्या मोजता येतात, बाबांच्या फेऱ्या येत नाहीत, म्हणून त्यांची किंमत शून्य धरायची का?

आणि मोजायचंच तर तेही मोजलंय लोकांनी. लंडनने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक बागांचा हिशोब मांडला, तर खर्चाच्या १ पौंडामागे निदान २७ पौंडांचा फायदा निघाला. १९८४ मध्ये रॉजर उलरिक या संशोधकाने दाखवून दिलं की पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, पेनकिलरचे मोठे डोसही त्यांना कमी लागले. झाडं नुसती दिसत होती हो त्यांना, बाबा तर त्याखाली बसायचे!

पार्किंगचा त्रास आहे, मान्य, मीही रोज गाडी घेऊन घिरट्या घालतो. पण झाडं गेली की डांबर तापणार, आसपासच्या घरांतले एसी जास्त चालणार, जमिनीत मुरणारं पाणी रस्त्यावर येणार आणि त्या सगळ्याची बिलं आपणच भरणार, थोडी इथे थोडी तिथे, म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही. वर 'बदल्यात रोपं लावू' म्हणून ऐकवतात. गुडघ्याएवढ्या रोपाखाली माणूस बसतो का? त्याची सावली पडायला २० वर्षं जातील. बाबा आज ७४ चे आहेत.

हरकत नोंदवायला अजून मुदत आहे, मी उद्या अर्ज देतोय, ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सांगा.

बाबांना अजून काही बोललो नाहीये. संध्याकाळी ते चपला घालून दाराशी आले तेव्हा 'आज पाऊस येईलसं वाटतंय' म्हणून त्यांना घरीच बसवलं. आभाळ स्वच्छ होतं.