एक्झिट कोड शून्य म्हणे!

रात्रीचे दीड वाजलेत आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

संध्याकाळी सातला आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, 'रिलीज १५', सर्व्हरवर टाकली. स्क्रिप्ट सुरळीत संपली, एरर नाही, एक्झिट कोड ०, म्हणजे सगळं ठीक. अर्ध्या तासात ग्राहकाचा फोन, "बिलात अजून तोच घोळ येतोय." एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, कॅशे उडवली, गिटमध्ये नोंदलेला कोडमधला एकेक बदल तपासला, सहकारी मुलीला भरल्या ताटावरून उठवलं. पाच तास!

दोष एका ओळीत होता. आमच्याकडे 'करंट' नावाची सिमलिंक, म्हणजे एक शॉर्टकट, चालू रिलीजच्या फोल्डरकडे बोट दाखवते. आधी जुनी लिंक उडवून नवी करायचो. मधे क्षणभर साइट गायब व्हायची, म्हणून उडवायची ओळ काढली आणि एलएनला, म्हणजे लिंक बनवणाऱ्या कमांडला, एस-एफ हे पर्याय दिले. एफ म्हणजे फोर्स. असलेली लिंक काढून नवी ठेवेल, असंच कोणीही समजेल ना? पण नाही! 'करंट' फोल्डरकडे जाते म्हटल्यावर हा कमांड सरळ त्या फोल्डरात शिरतो आणि नवी लिंक आत बनवतो. 'करंट' होती तिथेच, रिलीज १२ वर.

शेवटी 'करंट'पुढे स्लॅश देऊन एलएस मारलं, फोल्डरात काय आहे ते दाखवणारा कमांड. रिलीज १२ च्या पोटात तीन लिंका: १३, १४, १५. तिन्ही लाल, तिन्ही तुटलेल्या, कारण रिलेटिव्ह पाथ, म्हणजे अर्धवट दिलेला पत्ता, लिंक जिथे असते तिथून मोजला जातो आणि तिथून पुढे काहीच नव्हतं. जी फाइल अस्तित्वातच नाही तिच्याकडे लिंक करून दिली, तरी एलएनने ब्र काढला नाही!

उपाय एका अक्षराचा, एस-एफच्या जोडीला एन. लिंकेला लिंकच समज, आत शिरू नकोस. जीएनयूच्या, म्हणजे लिनक्सवर सहसा असतो त्या, एलएनला त्यासाठी मोठा टीही चालतो, मॅकच्या एलएनला तो माहीतच नाही. सिमलिंका १९८३ च्या ४.२बीएसडी या युनिक्सपासून आहेत. चाळीस वर्षांत "आत बनवतोय हं" एवढी एक ओळ न मागता स्क्रीनवर टाकावी असं कोणालाच वाटलं नाही? चूक झाली तर ओरडा ना! गप्प बसून शून्य कसलं देता?

तीन रिलीज. तीनदा मी ग्राहकाला छातीठोकपणे सांगितलं, झालं, दुरुस्त केलंय. तीनही वेळा तो जुनाच कोड बघत होता, आणि प्रत्येक वेळी मी त्यालाच म्हटलं, "ब्राउझर रिफ्रेश करा."